दहा मीटरच्या रायफली आणि पिस्तुले : निवड, जुळणी आणि नियमतपासणीच्या नोंदी, परभणी

९ ऑगस्ट २०२४

जिनिंगच्या जुन्या गोदामात उभ्या केलेल्या आमच्या दहा मीटर रेंजसाठी दोन एअर रायफली आणि दोन एअर पिस्तुले घ्यायची, ती आंतरराष्ट्रीय नियमांत बसतील अशी जुळवायची आणि परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या भागांतून येणाऱ्या मुलामुलींच्या हाती द्यायची, असा हा प्रकल्प आहे. आजवर ही मुले ओपन साइटच्या (नेम धरायला साधी, उघडी खाच असलेल्या), स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या रायफलींवर शिकली. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवल्यापासून रेंजवर पालकांची ये-जा वाढली आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "सर, सगळ्यात चांगली रायफल कोणती?"

माझ्या मते हा प्रश्न असा विचारायला हवा, की पहिल्या सरावाच्या छर्‍यापासून स्पर्धेतल्या साठाव्या, म्हणजे शेवटच्या छर्‍यापर्यंत सारखीच वागणारी आणि स्पर्धेतल्या हत्यार-तपासणीच्या टेबलावर कधीही अडणार नाही अशी रायफल कोणती. निवडीचा क्रम त्यामुळे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकला. हत्यार नियमांत बसले पाहिजे आणि तेही थोडी मोकळीक ठेवून, त्यानंतर भरवसा, त्यानंतर परभणीत बसून करता येईल अशी देखभाल, आणि अचूकतेची चर्चा या तिन्ही गोष्टी पार पडल्यावरच. भरवशाला एवढे वरचे स्थान का, हे मुलांना सांगण्यासाठी टोकियोचे उदाहरण पुरेसे आहे. जुलै २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल मध्येच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. त्याच नेमबाजाने याच महिन्याच्या तोंडावर पॅरिसमध्ये त्याच प्रकारात २२१.७ गुणांनी कांस्यपदक जिंकले. त्यांच्या कौशल्याविषयी टोकियोतही कोणाला शंका नव्हती. शंका फक्त यंत्राची होती, आणि यंत्राची शंका आधीच फेडता येते.

२१ ऑगस्ट २०२४

खरेदीआधी कायदा आणि स्पर्धेचे नियम वाचून त्यांचा मराठी तक्ता भिंतीवर लावला. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल तर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. यांतली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवान्याचा प्रश्न येतो. स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७२ मीटर वेगाने सोडते. त्याची ऊर्जा ७.८ ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मोठी मुले अधूनमधून रेग्युलेटरचा (हवेचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा) दाब वाढवून वेग वाढवा, असे सुचवतात. ही मागणी या प्रकल्पात कधीही मान्य करायची नाही, असे येथे स्पष्ट नोंदवतो. दहा मीटरवर वेग वाढवून एकही गुण वाढत नाही, सील मात्र लवकर झिजतात.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतले आमच्या कामाचे आकडे असे आहेत. रायफलीचे वजन साइटसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही, आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत असावे, ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे, त्याला उघडीच साइट असावी आणि ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा. दोन्ही प्रकारांत एका वेळी एकच छर्रा भरता येतो. हत्याराला जोडलेला दाबाच्या हवेचा सिलिंडर दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही, आणि ती मुदत पाहणे ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी मानली जाते.

या प्रत्येक आकड्याच्या आत आम्ही आपली एक घरची मर्यादा आखली. आमच्या काट्यावर नेमकी ५.५ किलो भरलेली रायफल दुसऱ्या काट्यावर काही ग्रॅम जास्त भरू शकते, आणि त्या वेळी मुलाला स्क्रू सोडून वजनाचे तुकडे काढत बसावे लागते. म्हणून रायफलीसाठी ५.३ किलो आणि पिस्तुलाच्या ट्रिगरसाठी ५२० ग्रॅम ही घरची मर्यादा ठरली. वीस ग्रॅम जास्त ओढावे लागल्याने गुण जात नाहीत. तपासणीची धास्ती मनात ठेवून रेषेवर उभे राहिल्याने ते नक्की जातात.

८ सप्टेंबर २०२४

महिन्याच्या सुरुवातीला मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने गोदामाच्या भिंतींना ओल आली. तीत हत्यारे ठेवण्याचा प्रश्न निवडीच्या आधीच पुढे आला, हे एका परीने बरे झाले. फोमच्या बंद पेटीत ओल धरून राहते आणि नळीच्या टोकाला गंज चढतो, त्यामुळे पेटी फक्त प्रवासासाठी वापरायची आणि रेंजवर हत्यारे कुलूपबंद लोखंडी कपाटात, उभी, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवायची असे ठरले. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतले.

आता यंत्रणा. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का बसतो, आणि धरण्यातला बारीकसा फरकही लक्ष्यावर उमटतो. शिकण्याला ती उत्तम आहे आणि आम्ही ती सोडणार नाही, पण साठ छर्‍यांच्या स्पर्धेसाठी नाही. एका दट्ट्यात हवा दाबणाऱ्या रायफलीचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण तिला सिलिंडर लागत नाही आणि प्रत्येक वेळी हवा सारखीच दाबली जाते. तरी प्रत्येक छर्‍याला बाजूचा दांडा ओढावा लागत असल्याने लहान मुलांची उभे राहण्याची ठेवण दर वेळी मोडते. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी हत्यारे स्वस्तात मिळतात, परंतु ती आमच्या हवेसाठी नाहीत. हा वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही आणि त्याचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. परभणीत ३१ अंशांपेक्षा गरम दुपारी वर्षातले कितीतरी महिने असतात. उरली ती २०० बार दाबाच्या हवेवर चालणारी, रेग्युलेटर असलेली यंत्रणा. रेग्युलेटर सिलिंडरमधला चढाउतरता दाब खाली आणून एका ठरावीक पातळीवर धरतो, आणि प्रत्येक छर्‍यामागे तेवढीच हवा जाते. चारही हत्यारे याच यंत्रणेची घ्यायची.

फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्शुट्झ, श्टायर, मोरिनी, पार्दिनी ही नावे मुलांना पाठ आहेत. यांपैकी कोणत्याही कारखान्याचे सुस्थितीतले हत्यार आमच्या कोणत्याही मुलापेक्षा अधिक अचूक आहे, हे मी पालकांना पुन्हापुन्हा सांगतो. त्यामुळे निवड नावावरून न करता समोर असलेल्या त्या एका हत्याराच्या प्रकृतीवरून करायची. नव्या आयातीचा खर्च पेलणारा नसल्याने वापरलेली हत्यारे पाहत आहोत. आज पाहिलेली एक रायफल दिसायला अगदी नवी होती आणि किंमतही कमी होती, पण सिलिंडरची मुदत संपलेली होती आणि आयातीची कागदपत्रे विक्रेत्याकडे नव्हती. दोन्हीपैकी एकच कारण असते तरी ती नाकारली असती.

१७ सप्टेंबर २०२४

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन आटोपून रेंज उघडली. मागच्या आठवड्यात ठरलेल्या दोन रायफली आल्या आहेत. नोंदीत त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. दोन्हींसोबत मूळ बिल, आयातीचे कागद आणि कारखान्याचे चाचणीचे लक्ष्यपत्रही मिळाले.

पहिली तपासणी गळतीची. सिलिंडर भरून, रायफलीला लावून, दाबमापकाचा आकडा आणि खोलीचे तापमान लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहिले. तापमान न लिहिता केलेली गळतीची तपासणी निरुपयोगी असते, कारण रात्रीच्या गारव्याने उतरलेला काटा गळतीसारखाच दिसतो. ‘अ’ चा काटा हलला नाही. ‘ब’ चा थोडा उतरला होता. सिलिंडरच्या जोडावर साबणाचा फेस लावल्यावर बारीक बुडबुडे दिसले आणि जोडातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बदलल्यावर ते थांबले. सिलिंडर बसवताना किंवा काढताना हातानेच फिरवायचा, पान्हा लावायचा नाही, ही सूचना कपाटाच्या दारावर चिकटवली.

दुसरी तपासणी वेगाची, आणि ती समजण्यासाठी आधी लक्ष्यपत्राची भूमिती समजली पाहिजे. रायफलीच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा आणि नऊचे वर्तुळ ५.५ मिलिमीटरचे असते, म्हणजे एका गुणाचे अंतर २.५ मिलिमीटर. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा असल्याने त्याचे केंद्र मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडले तर १०.० मिळतात, आणि १०.९ साठी ते पाव मिलिमीटरच्या आत पडावे लागते. रायफलीत गुण दशांशात मोजले जातात, साठ छर्‍यांचे जास्तीत जास्त ६५४.०, त्यामुळे पाव मिलिमीटर म्हणजे गुणाचा एक दशांश, हा हिशेब डोक्यात पक्का हवा.

आता वेग. सेकंदाला १७२ मीटर वेगाने छर्रा दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वेगात एक मीटरचा फरक पडला तर ही घसरण जवळजवळ ०.२ मिलिमीटरने बदलते. म्हणजे रेग्युलेटर नीट चालत नसेल आणि छर्‍याछर्‍यात पाच मीटरचा फरक पडत असेल, तर मुलाचा काहीही दोष नसताना छर्रा एक मिलिमीटर वरखाली जाईल आणि त्याचे चार दशांश गुण जातील. वेगमापकावर ‘अ’ चा सर्वांत जलद आणि सर्वांत मंद छर्रा यांतले अंतर दोन मीटरच्या आत राहिले. ‘ब’ चे सुरुवातीचे दोन-तीन छर्रे नेहमी मंद जात होते आणि मग वेग स्थिरावत होता. बराच वेळ पडून राहिलेल्या रेग्युलेटरची ही ओळखीची खूण आहे. त्याचे सील बदलण्यासाठी ती जाणत्या कारागिराकडे पुण्याला पाठवायची. रेग्युलेटर रेंजवर उघडायचा नाही, मग कारागिराकडून परत यायला कितीही वेळ लागो. दाबाखालच्या भागांशी हौसेने खेळणे धोक्याचे आहे.

२९ सप्टेंबर २०२४

छर्‍यांची चाचणी. स्पर्धेचे छर्रे चपट्या डोक्याचे असतात आणि कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर, अशा अगदी बारीक फरकाने ते मिळतात, आणि कोणत्या नळीला कोणता मानवेल हे नळीलाच विचारावे लागते. लेथवाल्या काकांनी रायफलीची यंत्रणा घट्ट धरणारा, जाड लोखंडी पाटावर बसवलेला शिकंजा करून दिला आहे. त्यात ‘अ’ बसवून प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्रे एकेका नव्या कागदावर मारले, प्रकार बदलताना नळी स्थिरावण्यासाठी आधी काही छर्रे सोडून दिले, आणि भोकांच्या बाहेरच्या कडांमधले सर्वांत मोठे अंतर कॅलिपरने मोजले.

४.५० च्या एका बॅचने सात मिलिमीटरच्या आतले गट पुन्हापुन्हा दिले. केंद्रापासून केंद्रापर्यंत हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आत येते, आणि गट मध्यावर बसवला तर रायफल एकटी १०.५ च्या खाली सहसा जाणार नाही. ४.४९ च्या छर्‍यांनी एक गट याहूनही लहान दिला, पण पुढचा बराच मोठा दिला. मी ४.५० निवडले. एखाद्या सुंदर गटाला भुलायचे नाही, वाईटातला वाईट गट कोणाचा लहान आहे ते पाहायचे, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सगळ्या हत्यारांसाठी लागू केला आहे.

त्याच बॅचच्या क्रमांकाचे छर्रे हंगामभर पुरतील एवढे मागवले. ट्रान्सपोर्टने येताना डब्यांत छर्‍यांचे घेर चेपतात. म्हणून डबे कापसात गुंडाळून पाठवण्याची विनंती केली आहे, आणि आल्यावर प्रत्येक डबा मोठ्या मुलांकडून भिंगाखाली निवडून घ्यायचा. गहू निवडावा तसे हे काम आहे, आणि मुली ते मुलांपेक्षा अधिक बारकाईने करतात, हे कौतुकाने नोंदवतो.

१२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा. शस्त्रपूजन व्हावे अशी मुलांची इच्छा होती आणि मलाही ते मनापासून हवे होते. सिलिंडर काढून, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यात सुरक्षा-झेंडी घालून चारही हत्यारे टेबलावर मांडली. दोन्ही पिस्तुले कालच आली आहेत. हळदकुंकू हत्याराला न लावता त्याच्या पेटीला लावायचे, नळीवर आणि साइटवर फक्त झेंडूचे फूल ठेवायचे आणि तेही सुकायच्या आत काढायचे, एवढे ठरवून दिले. हळदीची पूड ट्रिगरच्या फटीत गेली तर ती काढायला सगळा ट्रिगर उघडावा लागतो. पूजेनंतर मुलांनी आपापल्या हत्याराची नोंदवही नव्या पानावर सुरू केली. सरावाचे छर्रे, साइटचे क्लिक (साइट सरकवण्याचे बारीक टप्पे), कोणताही फिरवलेला स्क्रू आणि तारीख, हे त्यात लिहिल्याशिवाय हत्यार कपाटात जाणार नाही.

२७ ऑक्टोबर २०२४

पिस्तुलांचे काम रायफलीपेक्षा वेगळ्या दिशेने जाते, आणि हा फरक बहुतेक पालकांना माहीत नसतो. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे आणि नऊचे २७.५ मिलिमीटरचे असते. छर्‍याचे केंद्र मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत गेले तरी दहा मिळतात, आणि पात्रता फेरीत गुण पूर्णांकात, ६०० पैकी मोजले जातात. शिकंज्यात दोन्ही पिस्तुलांचे गट या आठ मिलिमीटरच्या त्रिज्येत सहज मावले. म्हणून पिस्तुलासाठी छर्‍यांच्या बॅचा चाळण्यात पैसे घालवायचे नाहीत. गुण जातात ते ट्रिगर दाबताना हललेल्या हातामुळे आणि हाताला न बसणाऱ्या मुठीमुळे. सगळा वेळ तिथे द्यायचा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार गुळगुळीत असतो हे खरे आहे, पण त्याचे सर्किट गेले तर परभणीत, किंबहुना छत्रपती संभाजीनगरलाही, ते तात्काळ दुरुस्त होणार नाही. यांत्रिक ट्रिगरची स्प्रिंग मात्र सुट्या भागांच्या डबीतून काढून बदलता येते. दोन्ही पिस्तुले यांत्रिक ट्रिगरची घेतली ती यासाठीच.

ट्रिगर दोन टप्प्यांचा ठेवला आहे. पहिला टप्पा लांब आणि बहुतेक भार उचलणारा, दुसऱ्या टप्प्यावर स्पष्ट जाणवणारी भिंत आणि त्यापुढे थोडासाच भार, अशी जुळणी नवशिक्या बोटाला समजायला सोपी जाते. एकूण भार ५२० ग्रॅमवर आणला. मोजण्याची पद्धत स्पर्धेतलीच ठेवली: पिस्तूल हवा भरून, कॉक करून (ट्रिगर सुटायला सज्ज करून), नळी उभी धरायची, वजनाची धार ट्रिगरच्या मध्याजवळ टेकवायची आणि ५०० ग्रॅमचे वजन टेबलावरून अलगद वर उचलायचे. ते न सुटता उचलले गेले पाहिजे. स्पर्धेत यासाठी तीनच प्रयत्न मिळतात. सामन्यानंतर अचानक होणाऱ्या तपासणीत हे वजन उचलले गेले नाही तर नेमबाज बाद होतो, तेव्हा दुरुस्तीची संधी नसते. वजन ट्रिगरच्या टोकाकडे सरकले तर तरफेच्या नियमाने ट्रिगर हलका लागतो. म्हणून ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवली की भार पुन्हा मोजायचा, ही सक्ती आहे.

मुठीसाठी सागाच्या कामात मुरलेले एक सुतारमामा मदतीला आले. मूठ मोठी असेल तिथे लाकूडभुसा आणि पुटीचा लेप, टोचेल तिथे कानस, आणि प्रत्येक बदलानंतर एकच परीक्षा: मुलाने डोळे मिटून हात उचलायचा, स्थिर करायचा आणि मग डोळे उघडायचे. साइट एका रेषेत दिसली तर मूठ बसली. ती डावीउजवीकडे दिसली तर मनगट वळवून सुधारायचे नाही, मूठच सुधारायची. तळहाताच्या खालची फळी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. मामांनी गुण्या लावून तो कोन पाहिला आणि सागाचीच मापाची पेटीही करून दिली, आतून ४२० बाय २०० बाय ५०.

१६ नोव्हेंबर २०२४

पुण्याहून परत आलेली ‘ब’ आता पहिल्या छर्‍यापासून सारख्या वेगाने चालते. ती नववीतल्या एका मुलीसाठी जुळवली. रायफल मुलाच्या अंगाला बसवायची, मूल रायफलीला बसवायचे नाही, म्हणून आधी तिला रिकाम्या हाताने उभे केले, तिच्या कमरेवर टेकणाऱ्या कोपराची उंची पाहिली आणि मग हाताखालच्या आधाराची उंची, कुंद्याची लांबी, खांद्याकडच्या पट्टीची उंची या क्रमाने स्क्रू सोडले. गालाची पट्टी सर्वांत शेवटी. डोके सरळ, मानेला ताण नाही आणि डोळा आपोआप मागच्या साइटच्या छिद्रासमोर, एवढे जमले की थांबायचे. एका दिवशी एकच बदल, आणि तो किमान आठवडाभर राहू द्यायचा.

वजन ४.६ किलोवर ठेवले. नियम ५.५ किलोपर्यंत जाऊ देतो म्हणून चौदा वर्षांच्या पाठीवर ते लादावे, असे मुळीच नाही. समोरच्या साइटमधल्या कड्याचे माप हिशेबाने काढले: लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, डोळ्यापासून दहा मीटरवर. समोरची साइट डोळ्यापासून मीटरभर. म्हणजे काळा भाग कड्यात सुमारे तीन मिलिमीटरचा दिसणार. त्याच्याभोवती पांढरी कड स्वच्छ उरावी म्हणून ४.० चे कडे दिले. घट्ट कडे अचूक वाटते, पण त्यात डोळा चाचपडत राहतो आणि छर्रा सुटायला उशीर होतो.

रायफलीच्या ट्रिगरला १० मीटर प्रकारात किमान भाराची अट नाही. तरी नवशिक्या बोटासाठी तो मुद्दाम थोडा जड ठेवला आहे, आणि तो हलका करण्याची घाई करणाऱ्यांना मी थांबवणार आहे. सध्या विधानसभेची आचारसंहिता चालू आहे, रस्त्यावर नाकाबंदी असते. बाहेरगावी नेताना प्रत्येक पेटीत बिलाची प्रत आणि आमच्या मंडळाचे ओळखपत्र ठेवले.

८ डिसेंबर २०२४

रेंजच्याच मापांची तपासणी. रेषेपासून लक्ष्यापर्यंत १० मीटर, पाच सेंटिमीटरच्या आतल्या फरकाने; लक्ष्याचे केंद्र जमिनीपासून १.४ मीटर, लक्ष्यावर किमान १५०० लक्स प्रकाश. रेंजवरच्या एका गल्लीत प्रकाश कमी भरला, तिथली दिव्याची पट्टी बदलली. छर्‍यांचे शिसे मुलांच्या पोटात जाऊ नये म्हणून रेंजवर खाणेपिणे बंद, सरावानंतर साबणाने हात धुणे सक्तीचे, आणि लक्ष्यामागच्या, छर्रे अडवणाऱ्या पेटीजवळची जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

१९ जानेवारी २०२५

पूर्ण सामना घेतला. १५ मिनिटे तयारी आणि सरावाचे छर्रे, मग कागदी लक्ष्यावर ९० मिनिटांत साठ छर्रे. त्याआधी मोठ्या मुलांनी तपासणीचे टेबल मांडले आणि लहानांची हत्यारे खऱ्या पंचांसारखी वजन करून, मापून पाहिली; सामन्यानंतर चिठ्ठी काढून एका पिस्तुलाचा ट्रिगर पुन्हा तपासला. तो ५०० ग्रॅमला टिकला. सामन्याच्या आधी आणि नंतर दाबमापकाचे आकडे लिहिले, म्हणजे एका सामन्याला किती हवा लागते ते प्रत्येक हत्यारासाठी कळले. रेग्युलेटरच्या काम करण्याच्या पातळीच्या बरेच वर असतानाच सिलिंडर भरायचा, सामन्याला अर्धा भरलेला सिलिंडर घेऊन जायचे नाही. हातपंपाने भरताना मध्ये थांबून पंप थंड होऊ द्यायचा आणि पाणी काढून टाकायचे. पंपाच्या हवेतून गेलेली ओल सिलिंडरला आतून खाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

१३ एप्रिल २०२५

ऊन तापले आहे. पत्र्याखाली दुपारी उभे राहवत नाही. सराव सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत आटोपतो. २५ अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशांवर २१३ बारपर्यंत जातो, आणि उन्हात बंद गाडीत ६० अंशांवर २२३ च्या पुढे. म्हणून एप्रिल ते जूनपर्यंत सिलिंडर १८० बारपर्यंतच भरायचे, एसटीने जाताना पेटी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही, आणि गाडीत सोडून चहालाही उतरायचे नाही.

जानेवारीतल्या थंड सकाळी बसवलेले साइटचे क्लिक आता रायफल ‘अ’ ला थोडे खाली आणावे लागले. ‘ब’ ला नाही. ‘अ’ च्या नोंदवहीत तापमानाचा रकाना वाढवला आहे. तिच्या सिलिंडरला जून २०२७ मध्ये दहा वर्षे होतात, तेव्हा नव्याची मागणी २०२६ च्या दिवाळीआधी नोंदवायची. दुसऱ्या पिस्तुलाच्या ट्रिगरची स्प्रिंग आणि चारही हत्यारांच्या ओ-रिंगचा एक जादा संच मेमध्ये मागवायचा आहे. गंगाखेडच्या डावखुऱ्या मुलासाठी डाव्या हाताची मूठ सुतारमामा कोरत आहेत. ती आली की कोन आणि पेटीचे माप पाहून, ट्रिगर नव्याने मोजून, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्याच्या नावाची नोंदवही सुरू करायची.